खडीचा रस्ता म्हणजे ‘रस्ता नव्हे’?

अमेरिकेत पाण्याकाठी प्लॉट घेणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: काँक्रीट नको, खडी टाका, पाणी जिरतं, मग परवानगी कशाला? मेरीलँडमध्ये तरी हा सल्ला महागात पडू शकतो.

चेसापीक उपसागर वाचवण्यासाठी तिथे 1984 साली ‘क्रिटिकल एरिया’ कायदा झाला. भरतीचं पाणी किंवा भरतीच्या पाण्याची दलदल यांच्यापासून 1000 फुटांपर्यंतची जमीन त्यात येते आणि काठालगतचा किमान 100 फुटांचा पट्टा ‘बफर’ म्हणून राखावा लागतो. 2008च्या दुरुस्तीपासून खडी, शिंपल्यांचा चुरा, एवढंच काय, पाणी झिरपू देणारी फरसबंदीही ‘व्याप्त क्षेत्रात’च, म्हणजे प्लॉटच्या झाकलेल्या भागातच, मोजली जाते. कारण साधं आहे: गाड्यांच्या वजनाखाली खडी दबते, मग पाऊस मुरण्याऐवजी गाळ आणि फॉस्फरस घेऊन थेट खाडीत उतरतो.

बफरमधून ड्राइव्हवे (घरापर्यंतचा गाडीरस्ता) न्यायचाच असेल तर व्हेरियन्स, म्हणजे नियमातून सवलत, मागावी लागते. ‘दुसरीकडून वळसा पडतो’ ही अडचण पुरत नाही. सवलतीशिवाय जमिनीचा वाजवी वापरच होणार नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचं असतं. आणि अडचण स्वतःच ओढवून घेतलेली असेल, तर बोलणंच खुंटलं.