बिबट्यांचं बिल कोणी भरलं?

ट्युनिशियातल्या सूस शहराच्या संग्रहालयात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातलं एक मोझेक आहे, स्मिराट नावाच्या गावी सापडलेलं. त्यात चार शिकारी चार बिबट्यांशी झुंजताहेत. शिकाऱ्यांना नावं आहेत तशी बिबट्यांनाही: व्हिक्टर, क्रिस्पिनस, लक्झुरियस, रोमानस. स्पिटारा नावाचा एक पठ्ठ्या तर पायांना उंच काठ्या बांधून लढतोय. मधोमध तबक धरलेला तरुण, तबकात पैशांच्या चार थैल्या. बाजूला मजकूर कोरावा तसा खड्यांनी जडवलाय. निवेदक लोकांना विनवतो, की खेळ करणाऱ्या टेलेजेनी मंडळींना दर बिबट्यामागे पाचशे दिनारियस, म्हणजे रोमन नाणी, मिळावीत. पैसे देतो मॅगेरियस नावाचा धनिक. थैल्यांवर मात्र खूण आहे ती हजाराची. मागितले त्याच्या दुप्पट! गर्दी ओरडते: याला म्हणतात श्रीमंती, याला म्हणतात ताकद!

मॅगेरियसने हे का केलं? या प्रश्नाला आठशेच्या आसपास पानांचं उत्तर देणारा इतिहासकार म्हणजे पॉल वेन.

वेन यांचा जन्म १९३०चा, दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्सचा. घरात पुस्तकी वातावरण नव्हतं. आठ वर्षांचे असताना काव्हैयों गावाजवळच्या टेकडीवर त्यांना प्राचीन मद्यकुंभाचा एक तुकडा सापडला आणि रोमचं वेड लागलं ते कायमचं. पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये शिक्षण झालं, मग १९५५ ते ५७ रोममधल्या फ्रेंच संशोधन संस्थेत. विद्यार्थीदशेत ते कम्युनिस्ट पक्षात होते. १९५६ साली सोव्हिएत रणगाडे हंगेरीत घुसले आणि वेन पक्षातून बाहेर पडले. सुरुवातीचं संशोधन एका ब्राँझच्या पत्र्यावर होतं. सम्राट ट्राजनने जमीनमालकांना कर्जं दिली आणि त्यांच्या व्याजातून मुलांच्या पोषणाची सोय केली, त्याचा हिशेब त्या पत्र्यावर कोरलेला आहे. दानाचा विषय तेव्हापासूनच त्यांच्या मागे लागला असावा.

१९७६मध्ये ‘भाकरी आणि सर्कस’ हा त्यांचा ग्रंथ आला. शीर्षक रोमन कवी जुव्हेनलच्या टोमण्यावरून घेतलेलं: एके काळी सत्तापदं वाटून देणारी जनता आता धान्य आणि रथांच्या शर्यती एवढंच मागते. त्यावरून पुढे सोपा सिद्धान्त रूढ झाला, की राज्यकर्त्यांनी फुकट धान्य नि खेळ देऊन लोकांना गुंगीत ठेवलं. वेन यांना हे पटेना. फुकट धान्य होतं ते रोम शहरात. ऑगस्टसच्या काळात सुमारे दोन लाख नागरिकांना दरमहा पाच मोडियस, म्हणजे साधारण ३३ किलो गहू मिळे. आणि यादीत नाव येण्यासाठी गरीब असावं लागत नसे, रोममध्ये राहणारा नागरिक असावं लागे. बाकी साम्राज्यातल्या शेकडो गावांत स्नानगृहं, नाट्यगृहं, मेजवान्या यांचा खर्च करत ते तिथलेच धनिक. त्यांना कुणाच्या बंडाची भीती होती असं दिसत नाही.

नगराची पदं बिनपगारी. उलट पद मिळालं की ठरावीक रक्कम नगराच्या तिजोरीत भरायची आणि वर काहीतरी बांधून द्यायचं वचन द्यायचं. पदासाठी दिलेलं वचन कायद्याने बांधून ठेवणारं होतं. ते पुरं न करता माणूस मेला तर नगर वारसांच्या मागे लागे. म्हणजे हौस आणि सक्ती यांची सरमिसळ. या प्रथेला अभ्यासक ‘युएरजेटिझम’ म्हणतात. वेन यांच्या मते हा कर नव्हे, लाच नव्हे, आणि ख्रिस्ती धर्मादायही नव्हे, कारण पैसा गरिबांना उद्देशून नव्हताच, सगळ्या नगराला उद्देशून होता. आपण इतरांहून उंच आहोत हे धनिकाला दाखवायचं असे. न दाखवता तो उंच राहतच नसे.

आपल्याला इथे दहीहंडीच्या फ्लेक्सवरचं ‘सौजन्य’ आठवणारच. वेन यांनी मात्र ही तुलना नाकारली असती. त्यांचा आग्रहच होता की दोन काळांतल्या गोष्टी एकसारख्या दिसल्या तर आधी फरक शोधा. तत्त्वज्ञ मिशेल फुको त्यांचा जवळचा मित्र, आणि हा धागा दोघांना बांधणारा होता.

१९७५ साली पॅरिसच्या कोलेज द फ्रान्स या नामांकित संस्थेत समाजशास्त्रज्ञ रेमों आरों यांच्या पाठबळाने त्यांची निवड झाली. पहिल्या व्याख्यानात वेन यांनी आरों यांचं नावच घेतलं नाही, आणि आरों ते विसरले नाहीत. दानधर्माच्या राजकारणावर ग्रंथ लिहिणाऱ्याने आभार मानायचं राहून जावं, ही गंमतच. तिथे ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत शिकवत होते. मधल्या काळात, १९८३मध्ये, ग्रीक लोक आपल्या पुराणकथांवर खरंच विश्वास ठेवत का, यावर छोटं पुस्तक लिहिलं. त्यात पुन्हा बिबट्या येतो: इथिओपियातले दोर्झे लोक म्हणतात, बिबट्या ख्रिस्ती आहे आणि उपास पाळतो, पण उपासाच्या दिवशीही ते गुरं राखतातच. माणूस एकाच वेळी दोन विसंगत गोष्टी खऱ्या मानू शकतो, असं वेन यांचं म्हणणं.

त्यांच्या दानसिद्धान्तावर टीकाही झाली. इतिहासकार फिलिप गोतिए यांनी १९८५मध्ये ग्रीक शिलालेखांच्या आधारे दाखवलं, की वेन यांनी अनेक शतकं एकाच पिशवीत कोंबली. आधीच्या काळात दात्यांवर नगरसभेचा चांगलाच वचक होता. पुढच्या अभ्यासकांनी नगरांच्या स्वतःच्या उत्पन्नाकडे बोट दाखवलं आणि धनिकांच्या देणग्यांमागे राजकारण वेन मानत त्याहून जास्त होतं, असं मांडलं. फरक शोधा म्हणणाऱ्यालाच फरक सुटला, हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरी मॅगेरियसच्या त्या चार थैल्यांसमोर उभं राहिलं, की आज प्रत्येक अभ्यासक सुरुवात वेन यांच्याच प्रश्नापासून करतो.