बुडणारा देवमासा, तरंगणारा देवमासा

जपानच्या वाकायामा प्रांतात, किई द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळ, ताइजी नावाचं एक मासेमारी बंदर आहे. वस्ती तीन हजारांच्या आतबाहेर. इथं गावाचं स्वतःचं देवमासा संग्रहालय आहे, १९६९ साली उघडलेलं. मधल्या उंच दालनात राइट व्हेल जातीच्या देवमाशाची पूर्णाकृती प्रतिकृती टांगलेली आहे आणि तिच्या मागावर शिकाऱ्यांची होडी. बहुतेक लोक तिथं फोटो काढतात आणि पुढे सरकतात. पण एक प्रश्न मनात धरून फिरलं, तर कपाटातली अवजारं आपोआप उलगडायला लागतात: मेल्यावर देवमासा तरंगतो की बुडतो?

हा हिशेब घरीही करता येतो. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला साधारण १.०२५ टन, चरबीची ०.९३ च्या आसपास, आणि मांस-हाडं मिळून १.०७ धरू. ६० टनांच्या राइट व्हेलमध्ये चरबी ४० टक्के, म्हणजे २४ टन. तिचं आकारमान २५.८ घनमीटर होतं. उरलेल्या ३६ टनांचं ३३.६. एकूण ५९.४ घनमीटर शरीर जवळजवळ ६१ टन पाणी बाजूला सारतं. वजन ६० टन, म्हणून ते तरंगतं. आता तेवढ्याच वजनाच्या, पण २५ टक्केच चरबी असलेल्या सडपातळ देवमाशाचा हिशेब करा. आकारमान ५८.२ घनमीटर भरतं, सारलेलं पाणी साडेएकोणसाठ टनांच्या आसपास, आणि प्राणी तळाशी जातो. फुप्फुसातली हवा यात धरलेली नाही. ती असेपर्यंत सडपातळ देवमासाही वर राहतो, शेवटचा श्वास सुटला की बुडतो. अर्ध्या-एका टनाचा फरक, पण त्यावर गावाचं वर्षभराचं उत्पन्न ठरायचं.

ताइजीत १६०६ साली वादा घराण्यानं संघटित शिकार सुरू केली, ती हारपूनची, म्हणजे दोर बांधलेल्या फेकभाल्याची. हारपून मारून दमवायचं आणि भाल्यानं संपवायचं, हे संथ आणि तरंगणाऱ्या राइट व्हेलला चालतं. हम्पबॅक जातीचा देवमासा मात्र चपळ, शिवाय मेल्यावर बुडणारा. तो हाती लागू लागला १६७५ च्या सुमारास, जाळं आलं तेव्हा. या जाळ्याबद्दल सर्रास गैरसमज होतो. ते देवमाशाला अडवण्यासाठी नव्हतंच. एवढ्या वजनापुढे कुठलाच दोर टिकला नसता. जाळ्याचे तुकडे एकमेकांना मुद्दाम कच्च्या दोरीनं जोडलेले असत. देवमासा धडकला की सांधा तुटायचा, तुकडा अंगाला गुंडाळला जायचा आणि त्याच्या ओढीनं वेग मंदावायचा. मग हारपून. सांधा पक्का असता, तर अख्खं जाळं होड्यांसकट ओढलं गेलं असतं.

जाळ्यापर्यंत हाकायचं काम आवाजाचं. होडीच्या काठावर लाकडी दांडके आपटत. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं, आणि फार दूर पोहोचतो. होड्यांचे तळ गुळगुळीत ठेवलेले, कारण खडबडीत तळ म्हणजे प्रत्येक वल्ह्यामागे वाया गेलेली ताकद. त्यांच्या बाजूंवरची रंगीत फुलं-पाखरं जरूर बघा. लांबून कुठली होडी कुणाची, हे त्यावरून कळे.

सगळ्यात जीवघेणं काम मात्र कपाटातल्या एका साध्या सुऱ्यानं व्हायचं. देवमासा थकला, पण जिवंत आहे, अशा वेळी एक जण पाण्यात उडी टाकून त्याच्या डोक्यावर चढे आणि नाकपुडीजवळ भोक पाडून दोर ओवे. मेल्यावर का नाही? कारण तोवर हवा सुटून शरीर बुडायला लागलेलं असे. दोर ओवला की दोन होड्यांवर आडवे वासे टाकून देवमासा मधे बांधायचा आणि किनाऱ्याकडे वल्हवायचं. पुढे वाफेच्या जहाजांना हाच प्रश्न पडला, तेव्हा त्यांनी पोकळ नळीनं शरीरात हवा भरायला सुरुवात केली. संग्रहालयाजवळच किनाऱ्यावर क्यो मारू क्र. १ हे शिकारी जहाज ठेवलंय. त्याच्या नाळेवरची तोफ बघितली की तीनशे माणसांचं काम एका तोफेवर कसं आलं, ते समजतं.

सांगाड्यांपाशी सावकाश थांबा. राइट व्हेलच्या पुढच्या परामध्ये, म्हणजे वल्ह्यासारख्या अवयवामध्ये, पाच बोटं असतात, ब्लू आणि फिन व्हेल या जातींच्या परामध्ये चार. राइट व्हेलच्या मानेचे सातही मणके एकमेकांत जुळून एक गठ्ठा झालेले असतात. तोंडातली गाळणी, म्हणजे बेलीन, त्याच्यात अडीच मीटरच्याही पुढे जाते. फिन व्हेलमध्ये ती मीटरभरही नसते. बेलीन केराटिनचं, आपल्या नखांसारखंच. लवचीक आणि चिवट, म्हणून जपानी बुनराकू बाहुल्यांच्या डोक्यातल्या स्प्रिंगा त्याच्या करत. जुन्या बेलीनच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या, तर तो बहुधा केराटिन खाणाऱ्या किड्यांचा प्रताप असतो. संग्रहालयांची ही कायमची डोकेदुखी. दुसरी डोकेदुखी तेलाची: देवमाशाच्या हाडांत इतकं तेल असतं की नीट न काढल्यास वर्षानुवर्षं ते पाझरत राहतं आणि हाड पिवळं, चिकट होतं. तिसरी गोष्ट प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. मणक्यांमधल्या कूर्चेच्या गाद्या कुजून जातात. मांडणी करताना तेवढी जागा सोडली नाही, तर सांगाडा खऱ्या प्राण्यापेक्षा आखूड दिसतो.

तेलाचा एक उपयोग आपल्या भातशेतकऱ्यांना लगेच पटेल. जपानी शेतकरी खाचरातल्या पाण्यावर देवमाशाचं तेल पसरून रोपं हलवत. पाण्यावर पडलेल्या तुडतुड्यांच्या श्वासाच्या छिद्रांत तेल जाऊन ते मरत.

सांगाड्याच्या मागच्या भागात, कण्यापासून सुटी, दोन छोटी हाडं टांगलेली असतात. ही कमरेची हाडं. पाय गेले, हाडं उरली. प्रजोत्पादनाचे स्नायू अजून त्यांना धरून असतात. २००६ साली ताइजीच्या शिकारीत एक डॉल्फिन सापडला. त्याच्या मागच्या बाजूला परांची जादा जोडी होती, पूर्वजांच्या मागच्या पायांच्या जागी. तो या संग्रहालयात ठेवला गेला आणि २०१३ मध्ये मेला. पाय असलेले ते पूर्वज आपल्या शेजारचेच आहेत: सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या कुच्छिसेटस या चारपायी देवमाशाचे जीवाश्म कच्छमध्ये मिळाले.

ताइजीची जुनी शिकार १८७८ च्या डिसेंबरात जवळजवळ संपली. अमेरिकी जहाजांनी प्रशांत महासागरातले राइट व्हेल आधीच विरळ केले होते. पिल्लासोबतच्या मादीच्या वाट्याला जायचं नाही, असा इथला दंडक. त्या वाईट हंगामात तो मोडला गेला, होड्या वादळात वाहून गेल्या आणि शंभरावर माणसं गेली. राइट व्हेलला १९३५ पासून आंतरराष्ट्रीय संरक्षण आहे. तरी १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी चोरून शेकड्यांनी मारले, आणि आज उत्तर प्रशांताच्या पूर्व भागात ते तीसच्या आसपास उरलेत. जपानची व्यापारी शिकार २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली, ती इतर जातींची.

संग्रहालयाच्या आवारात जिवंत डॉल्फिनही आहेत आणि त्यांचे खेळही होतात. त्यांतले बरेच ताइजीच्याच शिकारीत धरलेले. २०१५ मध्ये जपानच्या प्राणिसंग्रहालय संघटनेनं अशा डॉल्फिनांच्या खरेदीवर बंदी घातली, तेव्हा हे संग्रहालय संघटनेतून बाहेर पडलं. सांगाडे आणि अवजारं बघण्यासाठी खेळाची गरज नाही, आणि आमच्या मते तो टाळावा.

ओसाकाहून कुरोशिओ एक्सप्रेसनं ताइजीला जायला साडेतीन-चार तास लागतात, पुढे बस. बऱ्याच पाट्या जपानीत आहेत, तेव्हा फोनमध्ये भाषांतराची सोय ठेवा. वेळ उरला तर तोम्योझाकी आणि काजितोरिझाकी या भूशिरांवर जा. पहारेकरी तिथून देवमाशांच्या श्वासाचे फवारे ओळखत आणि धूर व निशाणांनी होड्यांना दिशा कळवत. राइट व्हेलचा फवारा दोन फांद्यांचा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा, त्यामुळे होड्या सुटायच्या आधीच जात लांबूनच कळे.