नाडी १५२, डंबेल दोन किलोचं

चाळीस सेकंद बैठका, वीस सेकंद थांबायचं. चाळीस सेकंद डंबेल खांद्यावरून डोक्यावर, पुन्हा वीस सेकंद. मग जागच्या जागी धावायचं. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये टीपॉय भिंतीला सरकवून, सतरंजी अंथरून मी गेल्या महिन्यात हा अर्ध्या तासाचा व्हिडिओ सुरू केला. उड्या तेवढ्या गाळते, कारण खालच्या काकू उशिरा उठतात.

तिसऱ्या फेरीत डंबेल वर नेताना मनगटावरच्या घड्याळानं नाडी १५२ दाखवली. पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढले की माझा आकडा जवळपास तेवढाच येतो. पण पर्वतीवर मला बोलता येत नाही इतकी धाप लागते. इथे दंड भरून आले होते, धाप मात्र बेताचीच. आकडा एक असून शरीराला वेगळं का वाटावं?

चढताना मांड्या आणि नितंबांचे मोठे स्नायू लयीत आकुंचन पावतात आणि सैल होतात. ते भरपूर ऑक्सिजन मागतात, आणि हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलून तो पुरवतं. वजन उचलताना ताणलेला स्नायू स्वतःतल्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो. रक्तदाब वाढतो, नाडीही चढते. पण त्या मानानं ऑक्सिजनचा वापर वाढत नाही. त्यात हात डोक्यावर असतील तर नाडी आणखी वर जाते. म्हणजे डंबेल हातात असताना घड्याळातला आकडा दमसासाचं माप म्हणून वाचता येत नाही. श्वास रोखून जोर लावला तर दाब फारच वाढतो. म्हणून वजन वर नेताना श्वास सोडायचा, आणि ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. हे मी माझ्या आईलाही बजावून सांगितलं आहे.

अशा व्यायामाला सर्किट म्हणतात. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अ‍ॅडमसन या दोघांनी १९५० च्या दशकात तो बसवला. युक्ती सुरेख आहे : पायांचा व्यायाम झाला की हातांचा घ्यायचा. पाय विसावतात, हृदयाला मात्र विसावा नाही. पण या युक्तीची एक किंमत आहे. जोराच्या कामाच्या पहिल्या काही सेकंदांत स्नायू क्रिएटिन फॉस्फेट नावाच्या साठ्यावर चालतो. तो साठा निम्मा भरून यायलाच अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं, पुरता भरायला काही मिनिटं. वीस सेकंदांची विश्रांती त्याला पुरत नाही. मग आपण नकळत हलकं वजन घेतो, घाम भरपूर येतो आणि वजनांचा व्यायाम झाला असं वाटतं. माझं दोन किलोचं डंबेल चाळीस सेकंदांनंतरही सहज वर जात होतं. दंड भरून येत होते ते न थांबता हलवल्यामुळे, वजनाच्या भारामुळे नव्हे. एवढ्या भारावर स्नायूला बळकट होण्याचं फारसं कारणच उरत नाही.

आपल्या भारतीयांना स्नायूंची काळजी जास्त का हवी, याचं उत्तर पुण्यातच मिळतं. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवण्याचं मोठं काम स्नायू करतात. तिला पेशीत घेणारे प्रथिनांचे दरवाजे एरवी इन्सुलिनच्या निरोपाची वाट पाहतात. स्नायू आकुंचन पावत असला की ते इन्सुलिनशिवायही उघडतात. स्नायू कमी असला तर हे कोठारच लहान पडतं. वाढलेली शुगर हा विषय आपल्या घराघरांत असताना ‘मी रोज चालतो, बास झालं’ हे वाक्य मला पटत नाही.

२०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाइप २ मधुमेहाची २६२ माणसं नऊ महिने पाहिली. काहींनी फक्त चालणं, काहींनी फक्त वजनं, काहींनी दोन्ही केलं, आणि वेळ साधारण सारखाच दिला. काहीच व्यायाम न करणाऱ्या गटाच्या तुलनेत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचं माप, लक्षणीय उतरलं ते फक्त दोन्ही करणाऱ्यांचं. म्हणून सर्किट सोडावं असं मी म्हणणार नाही. त्यातली वजनं खरी असावीत, एवढाच माझा आग्रह आहे.

मी आता व्हिडिओ मध्येच थांबवते. वजनांच्या प्रत्येक खेपेनंतर दीड मिनिट बसते, आणि शेवटच्या दोन वेळा जेमतेम निघतील इतकं वजन घेते. सध्या ते पाच किलो आहे. धावणं आणि बैठका आधीसारख्याच, वीस सेकंदांच्या थांब्यानं. व्हिडिओतली मुलगी सोळा वेळा डंबेल वर नेते, माझ्या आठ होतात. आठव्याला कोपर थरथरतं. काल त्या वेळी घड्याळ पाहिलं, नाडी १२८ होती.