ॲनंडेल, टॉमस नेल्सन

(१५ जून १८७६–१० एप्रिल १९२४). स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ व मानवशास्त्रज्ञ. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक. जन्म एडिंबरो येथे. वडील तेथील विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक होते. शिक्षण रग्बी, ऑक्सफर्ड व एडिंबरो येथे झाले. १८९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या स्कीट मोहिमेबरोबर व नंतर १९०१-०२ मध्ये हर्बर्ट रॉबिन्सन यांच्यासह त्यांनी मलाया द्वीपकल्पात प्राणी व मानवसमूह यांचा अभ्यास केला.

१९०४ मध्ये ते कोलकात्याच्या इंडियन म्यूझियममध्ये उपअधीक्षक म्हणून आले आणि १९०७ मध्ये ॲल्कॉक यांच्यानंतर अधीक्षक झाले. संग्रहालयाची ‘रेकॉर्ड्‌स’ व ‘मेम्वार्स’ ही नियतकालिके त्यांनीच सुरू केली. सर्वेक्षण संस्थेचा उगम काहीजण १८७५ मधील संग्रहालयाच्या प्राणिविभागापर्यंत मागे नेतात. तथापि स्वतंत्र सरकारी खाते १ जुलै १९१६ रोजी अस्तित्वात आले. तीच तारीख ग्राह्य धरणे अधिक योग्य.

गोड्या व मचूळ पाण्यातील अपृष्ठवंशी प्राणी हे त्यांचे मुख्य क्षेत्र. गोड्या पाण्यातील स्पंज, हायड्रॉइड (हायड्रासारखे प्राणी) व पॉलिझोआ (वसाहतीने राहणारे सूक्ष्म जलचर) यांवरील त्यांचा ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. यातील स्पंजांच्या अभ्यासाचा पाया हेन्री कार्टर यांनी १८४० च्या दशकात मुंबईच्या तलावांत घातला होता. चिल्का सरोवराची पाहणी ॲनंडेल यांनी स्टॅन्ली केम्प यांच्यासह केली. ब्रह्मदेशातील इन्ले, जपानमधील बिवा व पॅलेस्टाइनमधील तिबेरियस या सरोवरांवरही त्यांनी लिहिले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यांचा १९१९ चा, मुंबई इलाख्यातील लहान ओढ्यांच्या प्राण्यांवरील निबंध सर्वांत मोलाचा आहे. त्यातील मासे मुख्यतः सातारा व पुणे जिल्ह्यांतील. खंडाळ्याच्या एका लहानशा माशाला त्यांनी ‘सायलोऱ्हिंकस टेंटॅक्युलेटस’ असे नाव देऊन ईशान्येकडील डोंगरी नद्यांत आढळणाऱ्या प्रजातीत (जीनसमध्ये) घातले. दोहोंत साम्य होते : खालच्या बाजूस तोंड, चपटे पोट, आडवे पसरलेले पर. १९२१ मध्ये सुंदरलाल होरा यांनी हा मासा ‘पॅरासायलोऱ्हिंकस’ या नव्या प्रजातीत वेगळा काढला. आज तो मळ्या (गारा) माशांचा नातलग मानला जातो. म्हणजे ते साम्य बरेचसे वेगवान प्रवाहाने घडवलेले. ॲनंडेल यांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. बंगलोर येथील भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्ष म्हणून १९२४ मध्ये त्यांनी दिलेल्या भाषणाचा विषय अभिसारी (दूरच्या गटांत सारखी लक्षणे येणे) व अपसारी (जवळच्या गटांत भिन्न लक्षणे येणे) उत्क्रांती हाच होता. ज्यांना त्यांनीच संग्रहालयात आणले, त्या होरांनी पुढे सह्याद्री व पूर्व हिमालय यांतील माशांच्या साम्यासाठी सातपुड्यामार्गे स्थलांतराचे गृहीतक मांडले. त्याचे समर्थक अजूनही आहेत. परंतु प्रत्येक गटात अभिसरणाची शक्यता आधी तपासून मगच स्थलांतराचा विचार करावा, हा सावध पक्ष खंडाळ्याच्या माशाकडे पाहता अधिक सयुक्तिक वाटतो.

नारायण राव यांच्यासह त्यांनी १९१८ मध्ये दक्षिणेतील डोंगरी ओढ्यांच्या खडकांना तोंडाच्या चूषकाने चिकटून राहणाऱ्या काही भैकेरांचे (टॅडपोल; बेडकांच्या शेपटीवाल्या डिंभांचे) वर्णन केले. त्यांतील एक प्रकार जांभळ्या बेडकाचा असल्याचे पुढे कळले. त्या बेडकाला शास्त्रीय नाव मिळाले ते २००३ मध्ये.

त्यांच्या मानवशास्त्रीय कार्याचा सर्वांत दूरगामी परिणाम मात्र संख्याशास्त्रात दिसतो. भारतीय विज्ञान परिषदेच्या १९२० च्या नागपूर अधिवेशनात त्यांनी प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कोलकात्यातील अँग्लो-इंडियनांच्या शरीरमापांचे विश्लेषण करण्यास सुचवले. त्यावरील निबंध १९२२ मध्ये ‘रेकॉर्ड्‌स’मध्ये आला व या दिशेने झालेल्या कामातूनच ‘महालनोबिस अंतर’ (अनेक मापे एकत्र धरून दोन गटांतील फरक मोजण्याचे परिमाण) ही संकल्पना आकारास आली. सर्वेक्षणातील मानवशास्त्र विभाग १९४५ मध्ये स्वतंत्र संस्था झाला. ॲनंडेल यांचे निधन कोलकात्यात झाले.