पंट परतवायला कोणाला उभं करायचं?

१ जानेवारी २०२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे रोझ बोलच्या मैदानावर मिशिगन आणि अलाबामा या दोन विद्यापीठांचे अमेरिकन फुटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत भिडले. सामना रंगात येण्याआधीच मिशिगनच्या सेमाज मॉर्गन या पहिल्या वर्षाच्या खेळाडूच्या हातून प्रतिस्पर्ध्याने लाथेने उंच उडवलेला चेंडू, म्हणजे पंट, झेलताना निसटला. अलाबामाने तो झडप घालून पकडला आणि थोड्याच वेळात टचडाउन केला, म्हणजे चेंडू मिशिगनच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, नेऊन गुण मिळवले. पुढे सामना संपायला एक मिनिटही उरलं नव्हतं, २०-२० अशी बरोबरी होती, तेव्हा त्याच जागी जेक थॉ उभा होता. त्याच्याही हातून चेंडू सुटला, तोही स्वतःच्या एंड झोनच्या तोंडाशी. त्याने धडपडून तो परत मिळवला आणि एक यार्डाच्या रेषेजवळ त्याला पाडण्यात आलं. आणखी पाऊलभर मागे पडला असता तर अलाबामाला दोन गुण आणि बहुधा सामनाही मिळाला असता. मिशिगनने तो जादा वेळेत २७-२० असा जिंकला आणि आठवड्याभराने राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं. देशातल्या सर्वोत्तम ठरलेल्या संघालासुद्धा पंट झेलणाऱ्याची ही एक जागा नीट भरता आली नव्हती. ती भरणं इतकं कठीण का, याची उत्तरं पदार्थविज्ञानात, डोळ्यांच्या कामात आणि संख्याशास्त्रात सापडतात.

खेळ ज्यांच्या ओळखीचा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. तीन फुकट गेले की बहुतेक संघ चौथ्या प्रयत्नात चेंडू लाथेने दूर उडवून देतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला निदान लांबून सुरुवात करावी लागते. ही किक म्हणजे पंट. समोरच्या संघाचा एक खेळाडू चाळीस-पंचेचाळीस यार्ड मागे एकटा उभा असतो. चेंडू झेलायचा आणि जमेल तितका पुढे पळवायचा, हे त्याचं काम. तो पंट रिटर्नर. झेलायच्या आधी त्याने हात डोक्यावर नेऊन हलवला तर तो ‘फेअर कॅच’. मग त्याला कोणी हात लावायचा नाही, पण त्यालाही पळता येत नाही. चेंडू हाताला लागून सुटला तर तो ‘मफ’, आणि तो चेंडू किक मारणाऱ्या संघाने उचलला तर त्यांचाच.

चांगली पंट साडेचार सेकंद हवेत राहते. हवेचा विरोध बाजूला ठेवून हिशेब केला तर चेंडू अर्धा वेळ चढतो, अर्धा वेळ उतरतो आणि जवळजवळ २५ मीटर उंची गाठतो, म्हणजे आठ मजली इमारतीएवढी. खाली येताना त्याचा वेग ताशी ७५-८० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. हवेमुळे प्रत्यक्षात तो थोडा कमी भरतो. याच साडेचार सेकंदांत कॉलेजचा वेगवान धावपटू चाळीस यार्ड कापतो. त्यामुळे चाळीस यार्डांची उंच पंट आणि तिच्यामागे सुटलेला खेळाडू रिटर्नरपाशी एकाच क्षणी पोहोचू शकतात. व्यावसायिक लीगमध्ये किक बसेपर्यंत कडेच्या दोघांनाच पुढे धावता येतं. कॉलेजच्या नियमांत असं बंधन नाही, स्नॅप झाल्याबरोबर, म्हणजे चेंडू मागे पंटरकडे दिला जाताच, सगळेच सुटू शकतात. म्हणून कॉलेजच्या रिटर्नरभोवतीची गर्दी लवकर दाटते.

आता डोळ्यांकडे वळू. सरळ आपल्याच दिशेने येणारा उंच चेंडू पुढे पडणार की डोक्यावरून जाणार, हे माणसाला कळतं कसं? १९६८ साली सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने बेसबॉलच्या संदर्भात याचं देखणं उत्तर दिलं. तुम्ही बरोबर जागी उभे असाल तर चेंडूकडे पाहताना नजर जमिनीशी जो कोन करते, त्या कोनाचा टॅन्जंट एकसारख्या दराने वाढत जातो. तो वाढण्याचा वेग चढू लागला तर चेंडू तुमच्या मागे पडणार, मंदावू लागला तर पुढे. क्षेत्ररक्षकाच्या मनात टॅन्जंट वगैरे काही नसतं. चेंडू एकाच लयीत वर सरकताना दिसत राहील अशा बेताने तो पाय टाकतो, आणि पाय त्याला योग्य जागी नेऊन पोहोचवतात. १९९३ मध्ये पीटर मॅक्लाउड आणि झोल्टन डायनेस यांनी झेल घेणाऱ्यांचं चित्रीकरण करून पाहिलं, तेव्हा माणसं खरोखर तशीच धावत होती. क्रिकेटमधला लाँग-ऑनचा क्षेत्ररक्षकही हेच करतो.

या प्रयोगात एक बारकावा होता आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. ही माणसं चेंडू पडण्याच्या जागी आधी जाऊन थांबत नव्हती. ती चेंडूबरोबरच, धावत धावत तिथे पोहोचत होती. बेसबॉलमध्ये किंवा क्रिकेटमध्ये हे चालतं. पंट रिटर्नरला ते परवडत नाही. त्याला पाय रोवून, खांदे चेंडूखाली आणून, वाट पाहत उभं राहायचं असतं, कारण झेल घेतल्याच्या पुढच्या अर्ध्या सेकंदात कोणीतरी त्याच्यावर आदळणार असतं. म्हणजे नुसत्या नजरेवर विसंबणाऱ्याला उशीरच होतो. मुरलेला रिटर्नर किकच्या क्षणीच अर्धा अंदाज बांधतो. लाथ चेंडूच्या कुठल्या भागावर बसली, आवाज कसा आला, पंटरची कंबर कुठे वळली, यावरून तो पहिली दहा पावलं टाकतो आणि उरलेली दुरुस्ती डोळ्यांवर सोपवतो. हा अंदाज शेकडो पंट झेलल्यावरच अंगात येतो.

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डँटे पेटिसने कारकिर्दीत नऊ पंट परतवून टचडाउन केले. २०१७ मध्ये झालेला हा कॉलेज फुटबॉलचा विक्रम आहे. त्याचे वडील गॅरी पेटिस हे व्यावसायिक बेसबॉलमधले सेंटर फील्डर, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात (आउटफील्डमध्ये) मधोमध उभे राहणारे क्षेत्ररक्षक होते आणि क्षेत्ररक्षणासाठी दिला जाणारा ‘गोल्ड ग्लव्ह’ त्यांनी पाच वेळा मिळवला होता. उंच चेंडूचा अंदाज रक्तातून येतो की लहानपणापासूनच्या सरावातून, हे एका घरावरून ठरवता येणार नाही. पण मी प्रशिक्षक असतो तर संघात बेसबॉलचं आउटफील्ड कोण खेळलंय, हे सगळ्यात आधी विचारलं असतं.

फुटबॉल मात्र गोल नसतो, आणि इथे बेसबॉलची विद्या अपुरी पडते. सव्वाअकरा इंचांच्या आसपास लांब, दोन्ही टोकांना निमुळता हा चेंडू चांगल्या पंटमध्ये लांबीच्या आसाभोवती गरगर फिरत जातो. फिरता भोवरा ढकलला तरी लगेच आडवा होत नाही, आस हळूहळू फिरवत राहतो. चेंडूचंही तसंच. हवा त्याच्या नाकावर जोर लावते, पण फिरकीमुळे नाक उलटून न पडता प्रवासाच्या दिशेभोवती फिरत राहतं आणि सरासरीने मार्गाच्या दिशेनेच झुकत जातं. रिचर्ड प्राइस, विल्यम मॉस आणि टिम गे या तिघा भौतिकशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये फेकलेल्या चेंडूबाबत हे कोडं नीट उलगडून दाखवलं. उत्तम पंट चढताना नाक वर आणि उतरताना नाक खाली ठेवते. असा चेंडू वेगाने येतो, पण सरळ येतो. कधीकधी नाक खाली वळतच नाही. मग चेंडू पोटावर हवा घेत उतरतो, शेवटच्या क्षणी मरतो किंवा बाजूला सरकतो. म्हणून रिटर्नरला चेंडूचं नाक वाचायला शिकवतात: नाक वळलं तर मागे, नाही वळलं तर पुढे धाव. डावखुऱ्या पायाच्या पंटरच्या चेंडूची फिरकी उलटी असते, त्यामुळे तो सरकतोही उलट्या बाजूला. आठवडाभर उजव्या पायाच्या पंट झेललेल्या मुलाला शनिवारी, सामन्याच्या दिवशी, हे जड जातं.

त्यात ऑस्ट्रेलियाची भर पडली. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये वाढलेली मुलं गेल्या दीड दशकात मोठ्या संख्येने अमेरिकन कॉलेजांत पंटर म्हणून आली. सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कार २०१३ मध्ये मेंफिसच्या टॉम हॉर्नसीला, पुढची दोन वर्षं युटाच्या टॉम हॅकेटला, मग मिच विशनौस्कीला आणि २०१७ मध्ये टेक्ससच्या मायकल डिक्सनला मिळाला. लागोपाठ पाच वर्षं ऑस्ट्रेलियन. ही मुलं बाजूला धावत धावत लाथ मारतात, चेंडूला कधी गिरकी देतात, कधी तो टोकावर टोक उलटत पाठवतात. किक कधी, कुठून, कशी सुटणार हेच कळेनासं झालं की रिटर्नरचा तो पहिल्या क्षणाचा अंदाज कोलमडतो.

इतकं सगळं असूनही प्रशिक्षकाचा मोह एकच असतो: सगळ्यात वेगवान पोरगा तिथे उभा करायचा. हा मोह आकड्यांवर घासून पाहू. १९७१ मध्ये व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट मॅकोल यांनी मैदानावरच्या प्रत्येक जागेचं मोल गुणांत मोजून दाखवलं. कार्टर तेव्हा सिनसिनाटी बेंगल्स या व्यावसायिक संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू होता आणि मॅकोल नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात प्राध्यापक. आकडे व्यावसायिक सामन्यांचे आणि जुने आहेत, तरी अंदाजाला पुरेसे आहेत. स्वतःच्या २५ यार्डांच्या रेषेवर, म्हणजे आपल्या एंड झोनपासून २५ यार्डांवर, चेंडू हाती असेल तर त्याचं मोल जेमतेम पाव गुण. त्याच जागी चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळाला तर त्याच्यासाठी ते मोल साडेतीन गुणांच्या वर जातं. म्हणजे तिथे मफ करून चेंडू गमावला की जवळजवळ चार गुण गेले. त्याच पट्ट्यात एक यार्ड पुढे सरकण्याची किंमत सुमारे ०.०७ गुण. भागाकार केला की गमावलेला एक मफ म्हणजे ५५ यार्डांहून जास्त नुकसान.

समजा एक मुलगा प्रत्येक परतीत सरासरी ११ यार्ड पळतो आणि दुसरा ८. बहुतेक पंटवर फेअर कॅच होतो किंवा चेंडू बाहेर जातो, त्यामुळे मोसमात प्रत्यक्ष पळायची संधी वीसेक वेळा मिळते असं धरू. वेगवान मुलाची मोसमभराची कमाई ६० यार्ड जास्त भरली. एक मफ गमावला की ती सगळी धुऊन निघाली. सुटलेला प्रत्येक चेंडू प्रतिस्पर्ध्याच्याच हाती लागतो असं नाही, पण दुसऱ्या बाजूला भरवशाच्या हातांचा एक फायदा कोणत्याच सरासरीत दिसत नाही. झेलायचं धाडस न झाल्याने जमिनीवर पडू दिलेला चेंडू आणखी दहा-पंधरा यार्ड सहज घरंगळतो. जो प्रत्येक पंट झेलतो तो हे यार्ड गुपचूप वाचवत असतो. माझ्या मते साधारण संघाने डोळे झाकून भरवशाचे हात निवडावेत.

असाधारण खेळाडू मिळाला तर मात्र हिशेब फिरतो. अलाबामाच्या जेलन वॉडलने २०१९ मध्ये २० परतींत ४८७ यार्ड काढले, सरासरी चोवीसच्या वर. आठ यार्डवाल्याशी तुलना केली तर ही ३०० यार्डांहून अधिक कमाई आहे, पाच गमावलेले मफ पचवण्याइतकी. असा पोरगा हाताशी असेल तर त्यालाच उभं करावं.

हात भरवशाचे आहेत हे ओळखायचं कसं, हा संख्याशास्त्राचा प्रश्न, आणि ऑगस्टच्या सराव शिबिरात तो फार लोक हलक्यात घेतात. एखाद्याने ५० पंट झेलल्या आणि एकही सोडली नाही, तर तो पक्का वाटतो. पण शंभरात चार सोडणारा खेळाडूही सलग ५० झेल बिनचूक घेण्याची शक्यता १३ टक्के आहे. यासाठी एक सोपा नियम वापरतात: एकही चूक न करता जितके झेल झाले, त्या संख्येने तीनला भागायचं. शंभर बिनचूक झेलांनंतर आपण इतकंच खात्रीने म्हणू शकतो की त्याची चूक शंभरात तीनहून बहुधा जास्त नसावी. खात्री वाढवायची तर तीनशे झेल हवेत, तेही तऱ्हेतऱ्हेचे. जग्ज या चेंडू फेकणाऱ्या यंत्रातून निघणारे चेंडू हवे तितके मिळतात, पण ते एकसारखे असतात आणि त्यांच्यामागे लाथ मारणारा पाय दिसत नाही. वाऱ्याच्या दिवशी, मावळत्या उन्हात, खऱ्या पायाच्या, डाव्या-उजव्या दोन्ही पंट आणि झेलताना अंगावर धावून येणारा कोणीतरी, असा सराव मोजला तरच आकड्याला अर्थ. एक चांगला सराव म्हणजे झेललेला चेंडू काखेत धरून दुसरा झेलायचा, मग तिसरा, मग चौथा. हात अडकले की चेंडू अंगाशी घ्यावाच लागतो, आणि छातीशी नीट न आणता बोटांवर झेलणारा तिथे लगेच उघडा पडतो.

उरतो तो निर्णय. कुठली सोडायची, कुठली झेलायची, हात कधी हलवायचा. बहुतेक प्रशिक्षक रिटर्नरला दहा यार्डांच्या रेषेवर टाचा ठेवायला सांगतात. चेंडू डोक्यावरून गेला तर जाऊ द्यायचा, कारण तो एंड झोनमध्ये गेला तर आपल्याला २० यार्डांवरून सुरुवात मिळते. मागे मागे सरकत पाच यार्डांवर झेल घेणं ही हौस महागात पडते. हातांच्या खुणांचंही तसंच. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी आयोवाच्या कूपर डिजीनने मिनेसोटाविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांत ५४ यार्ड पळून टचडाउन केला आणि सगळं मैदान नाचू लागलं. पंचांनी चित्रीकरण तपासलं. चेंडू हाती घेण्याआधी त्याने डावा हात हलवला होता, ती नियमबाह्य खूण ठरली आणि टचडाउन रद्द झाला. आयोवा १०-१२ असा हरला. डिजीन त्या मोसमातल्या उत्तम रिटर्नरांपैकी एक होता. सहकाऱ्यांना दूर ठेवायला आणि तोल सांभाळायला हात हलतोच. म्हणून हात कुठे ठेवायचा हेसुद्धा सरावात बसवावं लागतं.

शेवटचा प्रश्न दुखापतीचा, आणि तिथे गणिताबरोबर मन घट्ट करावं लागतं. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये टेनेसीविरुद्धच्या पहिल्याच किकऑफवर (खेळ सुरू करणाऱ्या किकवर) परत पळताना वॉडलचा घोटा मोडला. यानंतर बहुतेकांनी राखीव फळीतला मुलगा शोधला असता. अलाबामाने आपला सर्वोत्तम रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) डेव्होंटा स्मिथ पंट परतवायला उभा केला. १२ डिसेंबरला आर्कान्सासविरुद्ध त्याने एक पंट ८४ यार्ड पळवून टचडाउन केला आणि कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला दिली जाणारी हाइजमन ट्रॉफी त्या मोसमात त्यालाच मिळाली. तो संघाचा सगळ्यात मोलाचा पाय होता, आणि सगळ्यात भरवशाचे हातही त्याचेच होते.