फाइलसिस्टिमची हद्द

फाइलसिस्टिमची हद्द : एका पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या एका भागाचा, कारभार पाहणाऱ्या फाइलसिस्टिमच्या (तिथे फाइली मांडणाऱ्या यंत्रणेच्या) कोडने शेजारच्या पार्टिशनवर, बूट सेक्टरवर (संगणक सुरू करणाऱ्या कोडच्या जागेवर) किंवा पार्टिशन टेबलवर (पार्टिशनांच्या हद्दींच्या नोंदीवर) लिहू नये, यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमने केलेली व्यवस्था. तिचा गाभा एका साध्या बेरजेत आहे.

लिनक्समध्ये एक्स्ट४ या फाइलसिस्टिमला आपले पार्टिशन डिस्कवर नेमके कुठे सुरू होते हे ठाऊक असावे लागत नाही. तिच्या लेखी पार्टिशनचा पहिला सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) नेहमी शून्य. समजा, पार्टिशन २०४८व्या सेक्टरपासून सुरू होते (हल्लीची साधने सहसा तिथूनच करतात) आणि १० जीबीचे, म्हणजे ५१२ बाइटच्या २,०९,७१,५२० सेक्टरांचे आहे. एक्स्ट४ने आपला ५ क्रमांकाचा ४ केबीचा ब्लॉक मागितला, तर ती मागणी सेक्टर ४०ची होते. ब्लॉक लेयर, म्हणजे कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) डिस्ककडच्या मागण्या हाताळणारा थर, आधी ती पार्टिशनच्या लांबीत बसते का ते बघतो, मग त्यात २०४८ मिळवतो. डिस्क चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती पडतो तो २०८८. आकडा लांबीबाहेरचा निघाला, तर मागणी डिस्कपर्यंत पोचतच नाही आणि कर्नलच्या लॉगमध्ये ‘अटेम्प्ट टू ॲक्सेस बियाँड एंड ऑफ डिव्हाइस’ अशी ओळ उमटते. शून्याखालचा सेक्टर तर मागताच येत नाही. त्यामुळे डिस्कच्या सेक्टर ०मधले पार्टिशन टेबल आपोआप आवाक्याबाहेर राहते.

रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या, हातात मात्र अख्खी डिस्क असते. ‘डीडी’ या थेट नक्कल करणाऱ्या आज्ञेला ‘एसडीए१’ (पहिले पार्टिशन) ऐवजी ‘एसडीए’ (अख्खी डिस्क) यावर लिहायला सांगितले की टेबलच पुसले जाते. चूक एका अंकाची. माउंट केलेल्या (वापरासाठी जोडलेल्या) डिव्हाइसवरचे असे थेट लेखन बंद ठेवण्याचा पर्याय लिनक्समध्ये ६.८ या आवृत्तीत, २०२४ साली आला. विंडोजने हे व्हिस्टापासूनच आवळले होते: व्हॉल्यूम (फाइलसिस्टिम असलेला डिस्कचा भाग) लॉक किंवा डिसमाउंट केल्याशिवाय फाइलसिस्टिमच्या हद्दीतले सेक्टर प्रोग्रामला थेट लिहिता येत नाहीत. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये अशी अडवणूक उठवायची सोय आहे, पण त्या सेटिंगचे मॅन्युअलमधले नावच ‘अलाउ फूट शूटिंग’: आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा परवाना!

या बेरजेवर फार विसंबू नये. फाइलसिस्टिम आणि ब्लॉक लेयर दोघेही कर्नलच्या एकाच मेमरीत नांदतात. एक्स्ट४मधला एखादा भरकटलेला पॉइंटर (मेमरीतला पत्ता) पेज कॅशमधले (डिस्कवरच्या मजकुराच्या मेमरीतल्या प्रतींमधले) दुसऱ्याच फाइलसिस्टिमचे पान बिघडवू शकतो. ते पान पुढे रीतसर, योग्य सेक्टरवर, सगळ्या तपासण्या पार करून डिस्कवर उतरते. खरी भिंत हवी असेल तर फाइलसिस्टिमचा कोडच कर्नलबाहेर काढावा लागतो. मिनिक्स ३ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तो वेगळी प्रोसेस (स्वतंत्र मेमरीतला प्रोग्राम) म्हणून चालतो. लिनक्समध्ये २००५ साली आलेल्या फ्यूज या सोयीने तीच वाट खुली केली, अर्थात वेगाची किंमत मोजून.

हद्दीच्या आतली नासधूस यातल्या कशानेच थांबत नाही. तिथे एक्स्ट४ स्वतःवरच नजर ठेवते: फाइलचा म्हणून आलेला ब्लॉक आपल्या बिटमॅपवर (कोणते ब्लॉक वापरात आहेत त्याच्या नोंदीवर) किंवा आयनोड टेबलवर (फाइलींच्या माहितीच्या तक्त्यावर) तर पडत नाही ना, हे ती पडताळते, पडत असल्यास तो वापरायला नकार देते.