डेरेक जीटर: शॉर्टस्टॉपची फिल्डिंग आणि वाढतं वय

न्यूयॉर्क यांकीजचा कॅप्टन डेरेक जीटर (जन्म २६ जून १९७४) मेजर लीग बेसबॉलमध्ये १९९५ ते २०१४ खेळला आणि या सगळ्या काळात फिल्डिंगला उतरला तो फक्त शॉर्टस्टॉपलाच. २,६७४ मॅचेस त्या एका जागेवर, दुसऱ्या कुठल्या जागेवर एकही नाही. याहून जास्त मॅचेस शॉर्टस्टॉपला खेळलेला माणूस एकच, ओमार विझकेल. जीटरच्या बॅटिंगबद्दल वाद नाही, ३,४६५ हिट्स (बॉल मारून बेस गाठणं) आणि जिंकलेल्या पाच वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची फायनल) समोर असताना वाद घालणार तरी कशावर. फिल्डिंगचं मात्र तसं नाही. पाच गोल्ड ग्लोव्ह (त्या जागेवरच्या सर्वोत्तम फिल्डरचा दरवर्षीचा पुरस्कार) घेतलेला हा माणूस आकडे मोजणाऱ्यांच्या मते त्या जागेवरच्या सगळ्यात कमकुवत फिल्डरांपैकी एक होता, आणि तिशीनंतर तर ते लपवणं अवघड होत गेलं. मोठा खेळाडू म्हातारा होताना त्याची जागा कधी बदलायची, कोणी बदलायची, हा प्रश्न निघाला की अजूनही पहिलं नाव त्याचंच येतं.

जागेचं काम

शॉर्टस्टॉप उभा राहतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे. बहुतेक बॅटर उजव्या हाताचे असतात आणि त्यांनी बॉल ओढून मारला की तो जमिनीलगत याच बाजूला येतो, म्हणून इनफिल्डमधे (बेसच्या आसपासच्या आतल्या भागात) सगळ्यात जास्त राबणारा माणूस हाच. होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, पहिला बेस ९० फुटांवर, आणि मेजर लीगचा बॅटर ते अंतर साधारण सव्वाचार-साडेचार सेकंदात कापतो, तेवढ्या वेळात शॉर्टस्टॉपला बॉल ओळखायचा, गाठायचा, उचलायचा आणि मैदानाच्या पलीकडे पहिल्या बेसवर फेकायचा, ते पण बऱ्याचदा तोल गेलेला असताना. इथे पळण्याच्या एकूण स्पीडपेक्षा पहिलं पाऊल महत्त्वाचं, बॉल बॅटवरून निघाला की शरीर किती पटकन आडवं सरकतं ते. आणि वय सगळ्यात आधी नेमकं तेच काढून घेतं. हात बराच काळ चांगले राहतात, डोकं तर अनुभवाने अजून तल्लख होतं, पण पाऊल जातं. शॉर्टस्टॉपची फिल्डिंग विशीतच सगळ्यात चांगली असते आणि तिशीत हळूहळू उतरते, हे जवळपास सगळ्यांच्या बाबतीत दिसतं. जीटरचं वेगळेपण असं की त्याच्याकडे ही रेंज, म्हणजे लांबच्या बॉलपर्यंत पोचण्याची क्षमता, तरुणपणीही फार नव्हती.

दिसतं ते आणि दिसत नाही ते

१९९३ मधे, १९ वर्षांचा असताना, ग्रीन्सबोरोच्या मायनर लीग (मेजरच्या खालची पातळी) टीममधून खेळताना त्याने एका सीझनमधे ५६ एरर, म्हणजे फिल्डिंगच्या चुका, केल्या होत्या. एवढ्या चुका करणाऱ्या पोराची जागा बदलायचा विचार कुठल्याही क्लबमधे होतोच, पण यांकीजने त्याला तिथेच ठेवलं आणि त्याने घाम गाळून हात सुधारले. हे त्याचं मोठं कर्तृत्व आहे आणि ते मान्य करायलाच हवं. मेजर लीगमधे त्याची फिल्डिंगची टक्केवारी पूर्ण करिअरमधे .९७६ राहिली, म्हणजे हाताशी आलेल्या शंभर बॉलमधले अडीचेक बॉल चुकले. वाईट अजिबात नाही.

पण अडचण या आकड्यातच आहे. एरर तेव्हाच लागते जेव्हा फिल्डर बॉलपर्यंत पोचतो आणि मग चुकतो, पोचलाच नाही तर तो बॅटरचा हिट धरतात आणि फिल्डरच्या नावावर काहीच लागत नाही. आपल्याकडे क्रिकेटमधे फक्त सुटलेले कॅच मोजून कोणी फिल्डर ठरवला, आणि ज्या कॅचला तो पोचलाच नाही ते हिशोबातच घेतले नाहीत, तर जे होईल तेच इथे होतं. जो कमी पळतो तो कमी चुकतो.

आता हे किती छोटं असतं बघा. समजा एखादा शॉर्टस्टॉप पूर्ण सीझनमधे सरासरी फिल्डरपेक्षा २० बॉल कमी गाठतो. १६२ मॅचेसमधे २० म्हणजे आठ मॅचेसमधे एक. रोज स्टेडियममधे बसणाऱ्यालाही हा फरक कळणार नाही, कारण एक ग्राउंडर (जमिनीलगत येणारा बॉल) डावीकडून निसटून सेंटरफिल्डला गेला तर लोक पिचरला (बॉल टाकणाऱ्याला) बोलतात. पण आउट व्हायच्या ठिकाणी सिंगल (एक बेस देणारा हिट) गेला की त्याची किंमत साधारण पाऊण रन धरतात, म्हणजे २० बॉलचे १५ रन, आणि १० रनला एक मॅच असा ढोबळ हिशोब आहे, म्हणजे दीड मॅच फक्त तेवढ्यातच गेली. जीटरच्या बाबतीत ही गळती मुख्यतः त्याच्या डाव्या हाताला, दुसऱ्या बेसच्या बाजूला होती. टीव्हीवर 'डाइव्ह मारणाऱ्या जीटरच्या बाजूने बॉल गेला' हे वाक्य इतक्यांदा ऐकू यायचं की बेसबॉलप्रेमींमधे ती एक म्हणच होऊन गेली.

उलट जे दिसायचं ते डोळ्याचं पारणं फेडणारं होतं. उजवीकडे खोल जाऊन हवेत उडी मारत पहिल्या बेसवर फेकलेला तो थ्रो त्याची सही होती. पाठमोरा पळत खांद्यावरून पॉप-अप (उंच उडालेला बॉल) पकडणं त्याच्याइतकं छान फार थोड्यांना जमायचं. १३ ऑक्टोबर २००१ ला ओकलंडमधे प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेरीच्या) मॅचमधे आउटफिल्डमधून (मैदानाच्या बाहेरच्या भागातून) आलेला शेन स्पेन्सरचा थ्रो भरकटला तेव्हा जीटर जिथे शॉर्टस्टॉपने असायचं काही कारणच नाही अशा ठिकाणी, पहिल्या बेसच्या लाइनजवळ, धावत आला, बॉल उचलून उलट्या हाताने कॅचर होर्हे पोसाडाकडे ढकलला आणि ओकलंडचा जेरेमी जिआम्बी होम प्लेटवर आउट झाला, यांकीजने ती मॅच १-० ने जिंकली. १ जुलै २००४ ला रेड सॉक्सविरुद्ध १२ व्या इनिंगमधे ट्रॉट निक्सनचा बॉल पकडून तो पूर्ण वेगात प्रेक्षकांत घुसला आणि तोंड रक्तबंबाळ करून बाहेर आला. हे खरे क्षण आहेत, आणि हे घरी बसून पाहिलेल्या माणसाला तू वाईट फिल्डर पाहिलास असं सांगितलं तर तो भांडणारच, आणि त्याचं भांडणं समजण्यासारखं आहे. मात्र असा क्षण वर्षातून एखादा येतो आणि ग्राउंडर रोज येतात.

२००४ चा निर्णय

फेब्रुवारी २००४ मधे अॅलेक्स रॉड्रिगेझ टेक्सासहून यांकीजमधे आला. तो पण शॉर्टस्टॉप, आधीच्या दोन वर्षांचे गोल्ड ग्लोव्ह त्याच्याकडे, आणि फिल्डिंगमधे जीटरपेक्षा सरस हे तेव्हाही बहुतेकांना माहीत होतं. तरी जागा बदलली ती रॉड्रिगेझने, तो तिसऱ्या बेसवर गेला. जीटर आदल्याच वर्षी कॅप्टन झाला होता, न्यूयॉर्कचा लाडका होता, आणि त्याला हलवायचं म्हणजे क्लबच्या चेहऱ्यालाच हात लावण्यासारखं. माझं स्पष्ट मत आहे की चूक इथे झाली, आणि ती जीटरपेक्षा क्लबची जास्त. तेव्हा तो २९ वर्षांचा होता, सेकंड बेस किंवा आउटफिल्ड शिकायला वय होतं, त्याच्यासारखी बॅट तिथेही सोन्याची ठरली असती. नंतर दरवर्षी हा निर्णय अजून अवघड होत गेला.

मजा म्हणजे त्याच वर्षापासून त्याला गोल्ड ग्लोव्ह मिळायला लागले, २००४, २००५, २००६, मग २००९ आणि २०१०. तेव्हा ही मतं मॅनेजर आणि कोच द्यायचे, बाकी टीम्सना ते सीझनमधे मोजक्याच मॅचेसमधे बघायचे, आणि सावध हात, नाव, बॅटिंग याचा प्रभाव पडायचाच. २०१० चा पुरस्कार सगळ्यात जास्त गाजला. त्या सीझनमधे त्याने फक्त ६ एरर केल्या, टक्केवारी .९८९, करिअरमधली सगळ्यात चांगली, आणि तो ३६ वर्षांचा. जवळ आलेला बॉल सुटत नव्हता हे खरंच, पण जवळ येणारे बॉलच कमी झाले होते. २०१३ पासून या पुरस्कारात आकडेवारीला २५ टक्के वजन दिलं गेलं.

आकडेवाल्यांनी आधीपासून ओरड केली होतीच. बेसबॉलचे आकडे अभ्यासणाऱ्या बिल जेम्सने जीटर आणि ह्यूस्टनचा अॅडम एव्हरेट यांना शेजारी ठेवून तुलना केली, एव्हरेट म्हणजे बॅटिंगमधे अगदी साधा पण ग्राउंडरच्या बाबतीत भिंत, आणि फिल्डिंगमधे दोघांतला फरक प्रचंड निघाला. २००८ मधे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांच्या अभ्यासात जीटर शॉर्टस्टॉपच्या यादीत तळाला आला आणि न्यूयॉर्कच्या पेपरांत गदारोळ झाला. पूर्ण करिअर धरून बेसबॉल-रेफरन्स ही आकडेवारीची वेबसाइट त्याच्या फिल्डिंगला सरासरीपेक्षा दोनशेहून जास्त रन खाली दाखवते, आणि तरीही बॅटिंगच्या जोरावर त्याची एकूण किंमत हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलमधल्या महान खेळाडूंचा सन्मान) दर्जाचीच राहते. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, पण वाद घालणारे दोन्ही बाजूंनी त्यातलं एकच उचलतात.

सुधारणा आणि घसरण

२००७ च्या सीझननंतर जनरल मॅनेजर ब्रायन कॅशमनने जीटरला समोर बसवून सांगितलं की फिल्डिंग सुधारायला हवी. एवढ्या मोठ्या नावाला हे तोंडावर सांगायला धाडस लागतं, आणि ऐकून घ्यायला त्याहून जास्त. जीटरने ऐकलं. ऑफ-सीझनमधे नवीन ट्रेनरबरोबर आडव्या हालचालीवर, पहिल्या पावलावर काम केलं, आणि २००९ मधे, ३५ व्या वर्षी, रेंज मोजणाऱ्या काही पद्धतींमधेही तो सरासरीच्या वर आला, टीम वर्ल्ड सिरीज जिंकली. म्हणजे वय झालं की काहीच करता येत नाही असं नाही, दोनेक वर्षं ढकलता येतात.

मग २०१२. ३८ व्या वर्षी २१६ हिट्स, त्या सीझनमधे सगळ्यात जास्त, आणि त्याच सीझनमधे फिल्डिंगचे आकडे पुन्हा खाली, सप्टेंबरमधे तर घोटा दुखत असताना खेळत होता. १३ ऑक्टोबरला डेट्रॉइटविरुद्ध १२ व्या इनिंगमधे जॉनी पेराल्टाच्या ग्राउंडरसाठी तो डावीकडे झेपावला, ज्या बाजूला तो आयुष्यभर कमी पडत आला त्याच बाजूला, आणि डावा घोटा मोडला. २०१३ मधे जेमतेम १७ मॅचेस. फेब्रुवारी २०१४ मधे त्याने जाहीर केलं की हा शेवटचा सीझन, आणि ४० वर्षांचा जीटर त्या सीझनमधेही शॉर्टस्टॉपलाच उभा राहिला.

इतरांनी काय केलं

अर्नी बँक्स शिकागो कब्जचा शॉर्टस्टॉप होता, १९६० मधे गोल्ड ग्लोव्ह, आणि १९६२ पासून पूर्णवेळ पहिल्या बेसवर. रॉबिन यॉन्ट खांद्याच्या दुखण्यामुळे आउटफिल्डला गेला आणि तिथे जाऊन पुन्हा एमव्हीपी (लीगचा त्या सीझनचा सर्वात मोलाचा खेळाडू) झाला. कॅल रिपकेन ज्युनियर १९९७ पासून कायमचा तिसऱ्या बेसवर गेला, आणि त्याचं बाल्टिमोरमधलं स्थान जीटरच्या न्यूयॉर्कमधल्या स्थानापेक्षा कमी नव्हतं. ऑझी स्मिथ ४१ व्या वर्षापर्यंत शॉर्टस्टॉपला टिकला, विझकेलने ३९ व्या वर्षी गोल्ड ग्लोव्ह घेतला, पण हे दोघं मुळातच इतक्या वरून सुरू झाले होते की उतरूनही सरासरीच्या खाली जायला त्यांना खूप वर्षं लागली. जीटरकडे एवढी शिल्लक कधी नव्हती.

मोजमापाची मर्यादा

जीटरबद्दलचे हे सगळे आकडे एकतर स्कोअरशीटवरून काढलेले आहेत नाहीतर व्हिडिओ बघून माणसांनी बॉल कुठे गेला, किती जोरात गेला ते नोंदवून, म्हणून एका सीझनच्या आकड्यावर फार भार टाकू नये, पण वेगवेगळ्या पद्धती वीस वर्षं एकच गोष्ट सांगत असतील तर ती मानावीच लागते. फिल्डर नेमका कुठे उभा होता आणि किती फूट सरकला हे सेन्सरने मोजणारी स्टॅटकास्ट यंत्रणा सगळ्या मैदानांवर २०१५ मधे आली, तोपर्यंत जीटर निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागेवर डिडी ग्रेगोरियस उभा होता. २०२० मधे हॉल ऑफ फेमच्या मतदानात ३९७ पैकी ३९६ जणांनी जीटरला मत दिलं.